खिडकीतलं गिऱ्हाईक

साहेबांची आणखी पानं गळली होती. अण्णांच्या नजरेला पडायच्या आत तिनं ती मुठीत गोळा केली, स्वयंपाकघरातल्या केराच्या डब्यात टाकली आणि वर चहाचा चोथा पसरला. चोरी लपवावी तशी.

साहेब म्हणजे माणूस नव्हे, झाड. हातभर उंचीचं, वडाच्या कुळातलं फायकस. तिच्या सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, चौकात केस कापायचं दुकान होतं. नवरा शाळेत होता तेव्हा अण्णांनी हे रोप दुकानामागच्या नळाजवळच्या भेगेतून उपटून आणलं. बोन्साय हा शब्दही तेव्हा त्यांना ठाऊक नसावा. कपडे वाळत घालायच्या तारेचा तुकडा गुंडाळून त्यांनी खोड वळवलं, कुंडी म्हणून पावाच्या चपट्या टिनाला खिळ्यानं भोकं पाडली आणि दुकानातल्याच कात्रीनं वर्षानुवर्षं त्याची छाटणी केली. आरशापुढे मान किंचित तिरकी करून ते झाड असं बसायचं, की लोकांनीच त्याला साहेब म्हणायला सुरुवात केली. अण्णा म्हणायचे, "एवढं गप्प बसणारं गिऱ्हाईक दुसरं मिळालं नाही. ना राजकारण काढतं, ना कानामागे केस राहिला म्हणून कुरकुरतं."

पुढे अण्णांना विसर पडू लागला. आधी वस्तूंचा, मग वारांचा, मग माणसांचा. दुकान विकून टाकलं, तेही ते विसरले. रोज सकाळी उठून ते दुकान उघडायला निघत. आणि एके दिवशी ठकूला, तिच्या अडीच वर्षांच्या लेकीला, बोटाला धरून निघाले. ती आंघोळ करून बाहेर आली तर घर रिकामं. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंना ते दोघं हमरस्त्याच्या मधल्या कठड्यावर सापडले. दोन्ही बाजूंनी गाड्या, अण्णा शांतपणे उभे, ठकूच्या एका पायात चप्पल नाही. त्या दिवसापासून ती मोरीचं दार उघडं ठेवून आंघोळ करायची.

कुलूप लावून पाहिलं होतं. अण्णांनी दारावर इतके हात आपटले की बोटांची सालटं निघाली. मग ते खिडकीवर चढू लागले. घर दुसऱ्या मजल्यावर.

तेव्हा नवरा म्हणाला होता, "त्या संस्थेत नाव घालून ठेवू का?" अशा विसर पडलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी ती संस्था दोघांनी एकदा पाहिली होती. स्वच्छ होती, नाही असं नाही. पण एका म्हाताऱ्याचे हात मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधले होते, आणि तो बोटं मात्र हलवत होता, सारखी, काहीतरी विणत असल्यासारखी.

मग तिला सुचलं. खिडकीशी टेबल, टेबलावर साहेब, मागे आरसा, अण्णांचा जुना पांढरा झगा आणि कात्री. अण्णा उठले, झगा चढवला, फवाऱ्याच्या बाटलीनं झाडावर पाणी मारलं, म्हणाले, "बोला साहेब, नेहमीसारखंच ना?" आणि घराबाहेर पडायचं नावच घेतलं नाही. दुकान उघडलं होतं, मग जायचं कुठे?

"माझ्यापेक्षा साहेबांची हजामत जास्त वेळा होते," नवरा हसून म्हणाला. तो बेकरीत भट्टीवर कामाला होता. पहाटे जायचा, दिवस कलल्यावर यायचा. मधला सगळा दिवस तिचा, ठकूचा, अण्णांचा आणि साहेबांचा.

असे काही महिने बरे गेले. आणि आता ही पानं.

तिनं कॉलेजात वनस्पतीशास्त्र घेतलं होतं. त्या ज्ञानाचा आजवर उपयोग शून्य. कीड म्हणून पानं उलटून पाहिली, ऊन कमी म्हणून टेबल सरकवलं, कोरडं पडलं असेल म्हणून सकाळचं पाणी वाढवलं. शेवटी एके दिवशी तिनं दुसरं काहीच केलं नाही, मांडीवर ठकूला घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली आणि अण्णांवर नजर ठेवली.

अण्णांनी पाणी मारलं. फांदीचा शेंडा टिपला. कात्री ठेवली, झगा झटकला, मागे सरून पाहिलं. खुर्चीत बसले. थोड्या वेळानं मान वर केली, तर समोर गिऱ्हाईक. "या साहेब. बऱ्याच दिवसांनी?" पाणी मारलं. शेंडा टिपला.

आधी पाणी, मग कात्री. आयुष्यभराची हाताची सवय. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच.

ती टेबलाशी गेली, मातीत बोट घातलं. बोट चिखलात बुडालं आणि वर आलं ते आंबूस वास घेऊनच.

"रांगेत या हं," अण्णा सौम्यपणे म्हणाले. "साहेबांचं चाललंय."

दुपारी ते झोपल्यावर तिनं झाड टिनातून बाहेर काढलं. मुळं तपकिरी पडली होती, चिमटीत धरली की साल मोज्यासारखी सुटून यायची. सडलेली कापत गेली, तर हातात उरलं मूठभर. विकतची माती परवडणारी नव्हती, पण माती नकोच होती. गच्चीवर पडलेली वीट तिनं बत्त्यानं फोडली, पिठाच्या चाळणीनं चाळली, बारीक पूड फेकून दाण्याएवढे तुकडे घेतले. भोकांवर कांद्याच्या पिशवीची जाळी. झाड त्यात बसवून सुतळीनं आवळलं, वरून प्लॅस्टिकची पिशवी घातली. आता याला सावली हवी, मुळांशी कोरडेपणा हवा, आणि कित्येक आठवडे कुणी कात्री लावता कामा नये.

अण्णा तासाभरात उठले.

"साहेब कुठायत?"

"आजारी आहेत, अण्णा. विश्रांती सांगितलीय."

"अरेरे." खरंच वाईट वाटलं त्यांना. मग ते पलंगाखाली वाकले आणि चपला चाचपू लागले. "इथं बसून काय करू मग? चौकात जातो. कुणी ना कुणी येईलच."

ठकू आनंदानं उठली. तिलाही चपला सापडल्या होत्या.

तिनं कसंबसं चहावर थोपवलं, बिस्किटावर थोपवलं, दिव्याचा बल्ब सैल करून तो घट्ट बसवायला सांगितला, पुन्हा सैल करून पुन्हा सांगितला. नवरा घरात आला तेव्हा तिचा आवाज बसला होता.

"एक गिऱ्हाईक पुरत नाही," ती त्याला म्हणाली. "रांग पाहिजे."

"काय पाहिजे?"

"जुने टिन आण. वाकलेले, गंजलेले, असतील तेवढे."

दुसऱ्या दिवशी नवरा टिन घेऊन आल्यावर अण्णांना त्याच्या हवाली करून ती ठकूला कडेवर घेऊन बाहेर पडली. भिंतींच्या भेगा, पावसाच्या पाण्याचे पाइप, पुलाखालची कपार. जिथं जिथं रोप उगवलं होतं तिथून चमच्यानं उकरून काढलं. काकूंनी मशीन थांबवून विचारलं, "काय गं, नगरपालिकेनं कामाला लावलं का?"

"माणसं गोळा करतेय, काकू."

"आण की. कपडे शिवायचे असतील तर माप घेते."

तिलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

ज्या रोपाची वाकायची तयारी होती त्याला तिनं तार गुंडाळली. एकाला वाऱ्यात उभं असल्यासारखं कललेलं केलं, एकाच्या फांद्या खाली ओढल्या, एक जुळं होतं तसंच ठेवलं. प्रत्येकाचा चेहरा वेगळा हवा, नाहीतर अण्णांना रांग कशी वाटणार? टेबलाशेजारी बाक टाकून त्यावर ओळीनं टिन मांडले. अण्णा झगा घालून आले आणि दारातच थबकले.

"आज गर्दी आहे."

"सकाळपासून खोळंबलेत," ती म्हणाली.

"बसा, बसा. नंबराप्रमाणे घेतो." त्यांचा चेहरा असा उजळला, की तिला स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागले. पाणी वाटलं गेलं, कात्री वाटली गेली. कुणाच्याच वाट्याला मरण येईल इतकं काही येत नव्हतं.

निदान तिला तसं वाटलं. पण रोपं कोवळी होती, आणि अण्णांची रांग संपली की पुन्हा सुरू व्हायची. शेंडे गेले, मग पानं, मग फांद्या. बाकावर काड्या उभ्या राहिल्या. ती नवी रोपं आणायची, रोज थोडं लांबून. आसपासच्या भिंती एव्हाना स्वच्छ झाल्या होत्या. मोरीच्या कोपऱ्यात पिशवीखाली साहेब होते. तिनं नखानं साल जरा खरवडली. आत हिरवं दिसायला हवं होतं. तपकिरी होतं. थोडं खाली खरवडलं, तिथंही तपकिरी. बुंध्यापाशी तिनं हात आखडता घेतला. तेवढं न बघता ठेवलं.

त्याच सुमाराला संस्थेतून नवऱ्याला फोन आला. त्यानं नाव घालून ठेवलं होतंच, तिला न सांगता. एक जागा रिकामी झाली होती.

"संध्याकाळपर्यंत कळवा म्हणाले," तो दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना म्हणाला. बूट घालत होता, वर पाहत नव्हता. "बाप माझा असला तरी दिवस तू काढतेस. तू सांगशील ते."

"सगळं माझ्या गळ्यात टाकून जाऊ नकोस."

"मग काय करू?" त्यानं अगदी हळू विचारलं. खरंच विचारलं. तो गेला.

दुपार उतरत होती. ती मोरीत बसून शेवटच्या टिनाला भोकं पाडत होती. ठकू दाराशी चमच्यानं विटेचे तुकडे भरत होती. खिळा, हातोडा, खिळा, हातोडा. मग तिच्या लक्षात आलं, चमच्याचा आवाज थांबलाय. बाहेरच्या खोलीतून पाणी मारल्याचा फिस्स असा आवाज आला, आणि ठकूचं खुदकन हसणं.

बाकावर, काड्यांच्या ओळीच्या शेवटी, ठकू बसली होती. गळ्याभोवती पांढरं कापड. केस ओले. अण्णा वाकले होते, डाव्या हाताच्या दोन बोटांत त्यांनी कानाजवळची बट धरली होती, आणि कात्री उघडी होती.

ओरडावं तर अण्णा दचकतील. मागे एकदा तिनं कात्री काढून घेतली होती तेव्हा त्यांचा हात असा उसळला होता, की आरशाला चरा पडला. आणि ठकू मान हलवत होती, कारण तिला गुदगुल्या होत होत्या.

"अण्णा," ती म्हणाली. आवाज कुठून आला तिला कळलं नाही. "माझा नंबर आधी होता."

कात्री थांबली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. ओळखीची एक रेघ नव्हती त्या नजरेत.

"बायकांचे नाही कापत मी, बाई."

"आज कापा. लांबून आलेय." ती चालत पुढे गेली, एकेक पाऊल, ठकूला अलगद उचललं, तिच्या जागी स्वतः बसली आणि तिला मांडीत घट्ट धरलं. "सकाळपासून बसलेय."

अण्णा जरा घुटमळले. नंबर चुकवणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. ठकूच्या गळ्यातलं कापड त्यांनी सोडवलं, झटकलं आणि तिच्या खांद्यावरून दोघींना मिळून पांघरलं. वेणी सोडली. गार पाणी मानेवर आलं.

"किती ठेवू?"

"तुम्हाला बरे दिसतील तेवढे."

पहिला झुपका जमिनीवर पडला, मग दुसरा. ठकू "पडलं, पडलं" म्हणत होती. कापडाखाली तिच्या गाउनच्या खिशात फोन थरथरला. तिनं तो पोटाशी धरून पाहिला. नवरा. 'काय सांगू त्यांना?' कात्री कानामागून फिरली, थंड, अगदी जवळून. मघाशी इथंच ठकूचा कान होता. तिनं अंगठ्यानं लिहिलं, 'हो सांग.' आणि पाठवून दिलं. आपण कोसळू असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. तिनं फोन परत खिशात सरकवला.

अण्णा मागे सरले, मान तिरकी करून पाहिलं. आरशात एक अनोळखी बाई होती, मानेपर्यंत केसांची, मांडीवर पोर घेऊन बसलेली.

"झालं," ते म्हणाले आणि झग्याचं बटण सोडू लागले. "शेवटचं गिऱ्हाईक तुम्ही. आता बंद करतो."

"लगेच?"

"लगेच म्हणजे काय. घरी सून एकटी असते. पोर लहान आहे. वाट बघत बसते बिचारी. मी वेळेत पोचलो नाही, की तिचा जीव वरखाली होतो." ते वाकून चपला शोधू लागले.

तिनं दाराकडे पाहिलं. ते नुसतं लोटलेलं होतं. नवऱ्याला यायला अजून बराच अवकाश होता, आणि हमरस्त्याला ही वेळ सगळ्यांत गर्दीची.

"काका," ती म्हणाली. अण्णा म्हणायचं धाडस झालं नाही. "अजून लांब वाटतात. आणखी कमी करा."

"आणखी?"

"पार बारीक करा."

अण्णांनी सुस्कारा सोडला. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. बटण पुन्हा लावलं, कात्री उचलली.

"मान खाली," ते म्हणाले.

तिनं ठकूच्या ओल्या केसांत हनुवटी टेकवली आणि मान खाली घातली.