थेंबही न गळणारी गाडी

रामेश्वरला जगात एकच विद्या पक्की येत होती: पाणी कुठून आत शिरतं ते शोधायची. वाळूजच्या कारखान्यात तयार झालेली मोटार पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी राहायची आणि हा आत बॅटरी घेऊन बसायचा. थेंब दिसला की गाडी परत. माणसाला एकच विद्या येत असली की सगळ्या दुखण्यांवर त्याला तेच औषध सुचतं, आणि रामेश्वर काही त्याला अपवाद नव्हता.

त्याची माय पुतळाबाई साठी ओलांडूनही पुतण्या कडुबाबरोबर मेंढरांमागं हिंडायची. आज या शेतात तळ, चार दिवसांनी त्या शेतात. गेल्या साली अवकाळीत उघड्यावर भिजली, छातीत कफ धरला आणि मरणाच्या दारातून परत आली. रामेश्वरनं मेंढरं विकायचा विषय काढला, तर म्हणाली, "आधी मला वीक." दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मायच्या अंगावर यापुढं थेंब पडू द्यायचा नाही, हे त्यानं मनाशी धरलं.

तेवढ्यात पैठण रस्त्यावरचं एक रिसॉर्ट बंद पडून भंगारात निघालं. सगळे पलंग-खुर्च्यांवर तुटून पडले. रामेश्वरची नजर गेली कोपऱ्यातल्या एका इवल्या गाडीवर. मोटारीमागं जोडून न्यायची, दोन माणसं आडवी होतील एवढी, पुढं गोल आणि मागं निमुळती, थेंबासारखी. मागचं झाकण उचललं की चूल मांडायला छोटा ओटा. तळावर पुढं तिचं नाव अंडंच पडलं.

सुट्टीचा एकेक दिवस त्यानं तिच्यात घातला. कुजलेलं प्लायवूड काढून नवं ठोकलं, चाकांचे बेअरिंग बदलले, वरून नवा पत्रा चढवला. खिडक्यांच्या काचा सरकायच्या, त्या कायमच्या चिकटवून टाकल्या. दाराला दुहेरी रबर बसवलं. छताला हवेची झडप होती, ती गळायची. तिच्यावर पत्रा ठेवून रिबिटा मारल्या आणि वरून सीलंट फासलं. मग गल्लीतल्या नळाचा पाइप गाडीवर सोडून आत जाऊन बसला. एक थेंब नाही. तो आत एकटाच हसला.

टेम्पोमागं जोडून त्यानं ती तळावर नेली; पुढं तळ हलला की शेतवाल्याचा ट्रॅक्टर तिला ओढणार होता. पुतळाबाई आत बसली, दार लावून पाहिलं आणि लगेच बाहेर आली.

"ह्यात काय ऐकूच येत नाय रे."

"तेच तर, माय. गार वारं नाय, पाणी नाय."

"अन् मेंढरांनी हाक मारली तर?"

"कडुबा हाय की. कुत्री हायेत."

ही दार उघडं टाकून झोपणार, हे त्यानं तिच्या तोंडावरून ओळखलं. म्हणून तिचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. "माझी आण हाय. झोपताना दार लावायचं." पुतळाबाईनं तोंड आंबट केलं, पण हात काढला नाही. मागं त्यानं तंबाखूची आण घातली, तेव्हा तिनं त्याच संध्याकाळी चंची चुलीत टाकली होती. पोराच्या जिवाची आण ती मोडत नसे.

त्या डिसेंबरात थंडीनं कहर केला. पहिल्या पाळीच्या बससाठी रामेश्वर उजाडताच नाक्यावर उभा होता. कडुबाचा फोन आला.

"पैठणला आलोय, मेंढीला औषध घ्यायला. राती व्याली. कोकरू लई गारठलं व्हतं, काकू रातभर उशाला बसली. मी निघालो तवा कोकराला घेऊन अंड्यात पडली. घमेलंभर निखारे बी आत घेतले अन् दार लावून घेतलं. तुझी गाडी लई कामाला आली बग. ठेवतो, बॅटरी मरायलीय."

फोन कटला. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गल्लीत दोन पोरं बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपली होती. सकाळी दार फोडलं तेव्हा दोघं झोपल्यासारखीच दिसत होती. त्यानं कडुबाला पुन्हा फोन लावला. बंद. मायजवळ फोन नव्हताच आणि तळावर तिसरं माणूस नव्हतं.

तो खोलीकडं पळाला, मोटारसायकल काढली आणि बिडकीनच्या रस्त्याला लागला. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, एकामागं एक. हॉर्न दाबून दाबून अंगठा दुखला. एका ट्रॉलीला घासून तो खडीत उतरला, घसरला, सावरला.

डोळ्यांपुढं रस्ता नव्हताच. खिडक्या चिकटवल्या. दाराला दुहेरी रबर. झडपेवर पत्रा. आपणच. प्रत्येक फट त्यानं बोटानं चाचपून बुजवली होती, एकही राहिली नव्हती. वर दाराची आणही त्यानंच घातली होती. बिरोबा, कुठूनतरी गळू दे, तो पुटपुटत होता. एखादी रिबीट ढिली असू दे, एखाद्या कोपऱ्यात रबर तुटलेलं असू दे. आपल्या कामात खोट निघावी म्हणून त्यानं जन्मात पहिल्यांदाच देवाला हात जोडले.

ढोरकीन मागं पडलं आणि तळ दिसला. उन्हं वर आली होती, तरी मेंढरं अजून वाघरीच्या जाळीत कोंडलेली होती. पुतळाबाई धडधाकट असताना असं कधी झालं नव्हतं. कुत्री शेपूट हलवत आली, त्यांना लाथाडून तो गाडीशी पोचला. दाराला आतून कडी.

"माय! ए माय!"

उत्तर नाही. त्यानं दोन्ही हातांनी दार बडवलं. खिडकीला डोळा लावला, तर काच आतून वाफेनं पांढरी झालेली. काच फोडायला त्यानं चुलीचा दगड उचलला, हात वर नेला, आणि आत कोकरू ओरडलं.

आवाज बारीक होता, पण अगदी स्वच्छ. रामेश्वरचा हात तसाच राहिला. या गाडीतून आवाज बाहेर यायलाच नको होता. तो पलीकडं धावला. मायच्या उशाजवळ पत्र्याला मूठ जाईल एवढं भोक होतं, कडा आत वाकलेल्या. पायथ्याशी आणखी एक. खाली गवतात वाघरीची लोखंडी मेख पडली होती. भोकातून राखेचा ऊबदार वास येत होता.

त्यानं भोकाला तोंड लावून हाक मारली.

"कोण वरडतंय?" जड, झोपाळू आवाज आला.

कडी निघायला वेळ लागला. दार उघडताच त्यानं मायला धरून बाहेर काढलं, घमेलं लांब भिरकावलं आणि कोकराला तिच्या मांडीवर आणून ठेवलं. ती डोकं धरून बसली. मळमळतंय, म्हणाली. तो तिच्यासमोर उकिडवा बसून निखाऱ्यांचं सांगत गेला, त्या दोन पोरांचंही सांगितलं. मोकळ्या वाऱ्यात हळूहळू तिचा चेहरा निवळला.

"कडुबा आला की दवाखान्यात जायचं," तो म्हणाला.

"जाऊ."

"भोकं कवा पाडलीस?"

"पहिल्याच दिशी. मेंढरू खोकलेलं बी कळंना, असल्या बहिऱ्या डब्यात कोण झोपंल?" मग जरा थांबून म्हणाली, "आण दाराची व्हती. दार मी रोज लावलं. भोकाचं तू काय बोलला नव्हतास."

रामेश्वरला हसावं की रडावं कळेना. मायनं त्याच्याकडं बघून घेतलं.

"आता आण सोड. दार उघडं ठेवून निजायचंय मला. सुटली म्हण."

त्यानं तिचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला.

"सुटली," तो म्हणाला आणि त्याला रडूच कोसळलं.

"गप. मेंढरं ताटकळलीत," ती म्हणाली, पण तिचा हात त्याच्या डोक्यावर तसाच राहिला.

नंतर त्यानं जाळी उघडली. मग मेख आणि दगड घेऊन तो गाडीच्या छतावर चढला आणि झडपेवरचा पत्रा उचकटायला बसला. पहिली रिबीट निघता निघेना. काम पक्कं केलं होतं.