ज्योत्स्ना मॅडमचं नाक

अकोल्याच्या उन्हाळ्यात पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, आणि तिथंच ज्योत्स्ना मॅडम फसल्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत येऊनही पोरी स्कार्फ सोडेनात, तरी त्यांना वाटलं, उन्हातून आल्यात, सोडतील मग. इकडे गटाराच्या वासानं उभं राहवत नव्हतं आणि रसायनशास्त्राच्या बाई निवांत परीक्षानळ्या वाटत होत्या!

शेवटी प्राचार्य आले ते नाकाला रुमाल लावूनच.

"मॅडम, तुम्ही इथं बसता तरी कशा? उद्यापर्यंत हा वास गेला नाही, तर प्रयोगशाळेला कुलूप. आणि तुम्ही ऑफिसात प्रवेशअर्ज तपासायला."

दोन वर्षांपूर्वीच्या तापानंतर मॅडमना कसलाच वास येत नव्हता. त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. घरी फोडणी करपली तर हसण्यावारी नेता येतं. पण जिला अमोनियाचा वास कळत नाही, तिच्या हाती प्रयोगशाळा कोण ठेवील? आणि प्रयोगशाळेवर तर त्यांचा जीव होता.

पोरी गेल्यावर त्या एकेका बेसिनवर वाकून हुंगायचं सोंग करू लागल्या. प्रयोगशाळेतले मदतनीस देवमनभाऊ मागं होतेच. मागच्या रांगेतल्या बेसिनवर वाकून मॅडम म्हणाल्या, "इथं काही नाही."

देवमनभाऊंनी दुपट्टा नाकाशी धरला. "मॅडम, इथंच तं उभं राहवत नाई! तुमाले वास येत नाई काय?"

आता लपवणार काय? मॅडमचे डोळे भरून आले. "नाही हो भाऊ, येत नाही. कोणाला सांगू नका."

"मले पयलेच काहून नाई सांगतलं?" देवमनभाऊ रागावलेच. "मी परका व्हय काय?"

नाक गेलं तरी मॅडमचं डोकं जागेवर होतं. त्या बेसिनच्या नळाला सुतळी बांधलेली दिसली आणि त्यांनी कपाळावर हात मारला. आठवड्यानं पाणी येतं, म्हणून मागचे नळ त्यांनीच बांधायला लावले होते. बेसिनखालच्या वाकड्या नळीत साचलेलं पाणी गटाराचा वास अडवतं. वापर नाही, त्यात हे ऊन. पाणी आटलं आणि वासाला वाट मोकळी झाली. काटकसर अशी अंगलट आली.

दोघांनी सुतळ्या सोडल्या. प्रत्येक बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओतलं. ते पुन्हा उडून जाऊ नये म्हणून वरून थोडं लिक्विड पॅराफिन टाकलं. ते तेलासारखं पाण्यावर तरंगतं. मग पंखे लावून मॅडम देवमनभाऊंच्या तोंडाकडे बघत बसल्या.

"गेला," बऱ्याच वेळानं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचा रुमाल खिशातच राहिला. "वा! आता कसं बरं वाटतं. नाही का मॅडम?"

नुसतं "हो" म्हटलं असतं तरी सुटल्या असत्या. पण स्कार्फ सोडून पोरी टेबलापाशी उभ्या होत्या आणि आज प्रयोग वायूंचाच होता. मॅडमच्या तोंडून ते "हो" निघेना.

"सर, मला वासच येत नाही. दोन वर्षं झाली."

लगेच देवमनभाऊ पुढं सरकले.

"मले येते न सर! शिकवतीन मॅडम, वास मी सांगीन."

प्राचार्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मग वायूंच्या प्रयोगाला दोघंही पाहिजेत. एकट्या मॅडम चालणार नाहीत," असं म्हणून ते गेले.

मॅडमनी दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. वास काही आला नाही, पण बरं वाटलं.