वाढ कुठून मोजली

मुलीने लॅपटॉप उघडताच बाबांनी आपली खुर्ची तिच्या शेजारी ओढली. ठेवीतले निम्मे पैसे त्यांना एकाच शेअरमध्ये, आपल्या जुन्या कंपनीच्या, घालायचे होते. कारखाना सोडून पाच वर्षं झाली, तरी त्यांच्या तोंडी अजून ‘आमची कंपनी’च होती. शेअर स्वस्त की महाग हे सांगणं ही मुलीची रोजची नोकरी. घरच्या गिऱ्हाइकापुढे मात्र तिचं फारसं चालत नसे.

“भाव शेअरमागच्या वर्षाच्या कमाईच्या तीस पट आहे,” ती म्हणाली. “एरवी मी हातसुद्धा लावला नसता. पण कमाई वर्षाला तीस टक्क्यांनी वाढतेय. त्या वेगाला हा भाव शोभतो.”

“मग? मी काय म्हणत होतो!” बाबांची कळी खुलली.

“थांबा हो. वाढ कुठून मोजलीय ते बघू दे.”

तिने मागची वर्षं उघडली. जिथून वाढ मोजली होती, त्याच वर्षी नफा पार तळाला गेला होता. खड्ड्यातून पाहिलं तर अंगणही उंचच दिसणार. आदल्या वर्षी सगळं ठीक होतं.

“त्या वर्षी काय झालं होतं, बाबा? तुम्ही होतात ना तिथे?”

बाबांनी पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

“आम्हा तीनशे जणांना घरी बसवलं. एकरकमी पैसे दिले. नफा त्यातच गेला असणार.”

“पण तुम्ही तर स्वतःहून...”

“तुझी शेवटची परीक्षा होती. तुला काय सांगायचं?”

तिला फार वाईट वाटलं. बाबांनी नोकरीला लाथ मारली, असं ती इतकी वर्षं ऐटीत सांगत आली होती. मान खाली घालून तिने ते वर्ष वगळलं आणि आदल्या वर्षापासून वाढ पुन्हा मोजली.

“जेमतेम आठ टक्के. आणि भाव तीस पट. ठेव मोडायची नाही, बाबा.”

“नाही मोडत.” ते उठले, दाराशी घुटमळले. “शेअर असला की वार्षिक सभेचं बोलावणं येतं म्हणे. सभा कारखान्यातच असते. फाटकावर नाव सांगितलं की आत सोडतात.”

तिने लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे ओढला.

“त्याला एक शेअर पुरतो.”

“पण तू तर महाग म्हणालीस.”

“खूप महाग आहे,” ती म्हणाली, आणि तिने त्यांच्या नावावर एक शेअर घेऊन टाकला.