पोकुआच्या लिव्हरचा रिपोर्ट

पोकुआ पहाटे घरीच बाळंत झाली, हे फ्रेमा नर्सला कळलं दुपारी, तेही बाजारात कंद विकणाऱ्या बाईकडून. दवाखान्यातच येते म्हणाली होती पोरगी. सकाळपासून फ्रेमाचे पाय भरून आले होते, पण बाळाला चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस टोचायलाच हवी होती. तिनं लशीचा थंड डबा खांद्याला अडकवला आणि टेकाड चढायला लागली. निवृत्तीला चार वर्षं होती. तिला ती आजच घ्यावीशी वाटत होती.

पोकुआची सासू सेरवा दारातच होती. तिनं आधी बाकावर बसवलं, पाणी दिलं, फ्रेमाचं पिऊन होऊ दिलं आणि मगच विचारलं, "बोल सिस्टर, काय काम काढलंस?" हाकलायचं असलं तरी पाणी पाजूनच हाकलायचं, ही इथली रीत.

"बाळाला सुई द्यायचीय, मावशी."

"आठव्या दिवशी नाव ठेवू, बाहेर काढू, मग बघू. तोवर तो पाहुणा. राहतोय की परत जातोय, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पाहुण्याला कुणी सुया टोचतं का?"

"बाहेर कुठं काढायला सांगतेय? मीच येते की आत."

सेरवानं आतून एक कागद आणून पुढं धरला. "हे बघ. लिव्हरचे सगळे आकडे बरोबर. तुमच्याच डॉक्टरनं सांगितलं. आता रोग कुठून आणलास?"

फ्रेमाला अगदी वीट आला. पोटुशी असताना पोकुआच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला, म्हणून लिव्हरची तपासणी केली, ती चांगली आली. आणि घरच्यांनी हा दुसरा कागद जपून ठेवून पहिला चुलीत घातला. दर चार घरांमागे एका घरात हेच.

"घराच्या भिंती धड आहेत, एवढंच हा कागद सांगतो, मावशी. चोर आत बसलाय, ते पहिल्या कागदात होतं. आईचं लिव्हर आज ठणठणीत असलं तरी बाळंतपणात रोग बाळाकडे जातो. आणि एवढ्याशा जिवाला लागला की सहसा जन्मभर सुटत नाही."

"तुम्हा नर्सबायांना कुणाला तरी टोचल्याशिवाय घास उतरत नाही."

एरवी फ्रेमा हसली असती. आज नाही हसली.

"माझाही कागद असाच आहे. वीस वर्षं तपासतेय, लिव्हर चांगलंच येतं. रोग आहेच. माझ्या मुलाला, ओसेईला, माझ्याकडूनच गेला. तो जन्मला तेव्हा ही लस नव्हती इथं. एकतिसाव्या वर्षी डोळे पिवळे झाले, पोट हे एवढं फुगलं. तीन महिन्यांत संपला."

हे तिनं आजवर कुणाच्याच दारात सांगितलं नव्हतं. सांगितलं की मन हलकं होतं म्हणतात. तिला फक्त आणखी थकल्यासारखं झालं.

सेरवा दारातून बाजूला झाली.

आत पोकुआनं बाळ पुढं केलं. त्याची मांडी चिमटीत मावेल एवढीच होती. सुई टोचली तसं ते रडलं, आईच्या छातीशी गेलं नि गप्प झालं. फ्रेमानं कार्डावर तारीख लिहिली, नावाची जागा मोकळी सोडली आणि बाहेर आली.

सेरवा बाकावर बसली होती.

"माझा थोरला असाच गेला," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षांचा. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. त्याच आठवड्यात माझ्या जावेकडे जेवला होता. तिनंच विष घातलं, असं मी बाजारभर सांगितलं. त्यानंतर तिच्या हातचं कुणी खाल्लं नाही. तिची मुलंसुद्धा बोलायची बंद झाली तिच्याशी. मी तर पंधरा वर्षं तिच्या दारात पाय ठेवला नाही."

फ्रेमा तिच्या शेजारी बसली. "आता जा तिच्याकडे," ती म्हणाली. "मी येते हवं तर. मी सांगते तिला."

"तिला पुरून दोन वर्षं झाली," सेरवा म्हणाली. "मी मातीलाही गेले नाही."