मिस्त्र्यांचा जलसा

हिंगोलीच्या एका कापसाच्या जिनात सोनाजी मिस्त्री तेलाचं इंजिन सांभाळायचा. एकोणचाळीस सालच्या हंगामात इंजिनाला दुपारची खोड लागली. ऊन चढलं की तापायचं, ठकठक करायचं आणि ऐन कामात बंद पडायचं. अशात हैदराबादेहून उर्दूत छापलेलं बोलावणं आलं. कारकून मार्तंडरावांनी वाचून दाखवलं: इंजिन मिस्त्र्यांचा तीन दिवसांचा जलसा, व्याख्यानं, नवी माहिती.

"तीन दिस भाषणं ऐकून इंजिन सुरू व्हतं व्हय?" मंजुळाबाई भाकर थापता थापता नवऱ्याला म्हणाली. "मंग आपलं भजनी मंडळच बसवा की त्याच्याम्होरं. काहून येवढ्या लांब जाता?"

सोनाजीलाही ते बराबर वाटलं. पण जिनाचे मालक उत्तमराव म्हणाले, "जाय. जिनाचं नाव व्हईल." मालकाला नाव हवं होतं, सोनाजीला हैदराबाद बघायचं होतं. पूर्णेला गाडी बदलून तो पोचला.

पहिले वक्ते प्रगतीवर बोलले. दीड तासात प्रगती पुष्कळ झाली, इंजिन काही आलं नाही. दुसऱ्यांनी पहिल्यांची तारीफ केली. शेजारचा मिस्त्री घोरून राहिला होता. सोनाजीला त्याचा हेवा वाटला. तिसरे भाषणाच्या निम्म्यात आले आणि मांडवातला कर्णा एक उचकी देऊन गप्प झाला.

मांडवामागं कर्ण्याला वीज देणारं इंजिन तापून बसलं होतं. पाच-सहा मिस्त्री भोवती उकिडवे बसलेले. सोनाजी धावतच गेला.

"आमचं बी असंच करून राहिलं."

नांदेडच्या म्हाताऱ्या रतनसिंगानं दाढी खाजवली. "पानी कहाँ का डालता तू?"

"हिरीचं. खारं हाय जरा."

"मग इंजिन नाही, तुझी विहीर बिघडली." त्यानं पाण्याच्या नळीत बोट घालून पांढरं किटण खरवडून दाखवलं. "हे आत चढतंय. दोन दिवस चिंचेचं पाणी भरून ठेव, सुटेल."

सगळ्यांनी मिळून इकडचं किटण खरवडून काढलं. "चालू करायचं का?" कुणीतरी विचारलं. आत तिसरे वक्ते बिनकर्ण्याचे ओरडत होते. सगळ्यांनी घटकाभर ऐकलं.

"चहा पिऊन करू," रतनसिंग म्हणाला. कुणाची हरकत नव्हती. उरलेले दोन दिवस सोनाजीनं मांडवामागंच काढले.

घरी येऊन त्यानं वर्षाची चिंच उचलली तेव्हा मंजुळाबाईनं अख्खी आळी गोळा केली. पण तिसऱ्या दिवशी भर दुपारी इंजिन असं चाललं, की सोनाजी नुसता त्याच्यावर हात ठेवून उभा राहिला. काम सुचेना त्याला.

"कोन्तं व्याख्यान कामी आलं रे?" उत्तमरावांनी विचारलं.

"तिसरं. अर्ध्यात बंद पडलं ते."

मालकाला काही उमगलं नाही. जाण्यात फायदा आहे एवढं कळलं. "पुढच्या साली म्या बी येतो."

"या की मालक. आत मांडवात बसाया बी कुनीतरी पाह्यजे."