गोडाऊनातले अष्टविनायक

नवस रंगूबाईनं बोलला होता मोरगावच्या गणपतीला, आणि फेडायचा होता पोराला सोबत घेऊन. सगळी गोची त्या 'सोबत'मध्ये होती.

पोरगा केसरीनाथ लहानपणी तापानं असा फणफणला की डॉक्टरनंही हात टेकले. तेव्हा रंगूबाईनं पदर पसरला, "मोरेश्वरा, ह्याला उठवून बसव. ह्याला हाताला धरून तुझ्यासकट आठी गणपतींच्या दारात आणीन." पोरगा उठून बसला. बसला तो असा बसला, की पन्नाशी उलटली तरी आईसाठी काही उठेना.

अंजूरला भातशेती होती तेव्हा तो म्हणायचा, "आये, झोडणी झाली की जाऊ." मग शेतात गोडाऊनं उभी राहिली. झोडायला भात उरला नाही, पण सबबींचं पीक मात्र बारमाही झालं. पत्रे चढले की जाऊ. भाडेकरू आला की जाऊ. तो गेला, आता दुसरा आला की जाऊ. मध्येच साहेब एजंट मित्रांबरोबर थायलंडला जाऊन आले.

"तिकडं जावाला काय आडवं आलं न्हाय?" रंगूबाईनं विचारलं.

"तो बिझनेस होता, आये."

गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी साथ सोडली. डॉक्टर म्हणाला, कुठं जायचं असेल तर आत्ताच जाऊन या, पुढं पायऱ्या चढणं होणार नाही. रंगूबाईनं अन्न सोडलं नाही, असली नाटकं करणारी ती बाई नव्हे. ती फक्त रोज सकाळी लुगडी पिशवीत भरून ओटीवर बसू लागली. येणारीजाणारी विचारायची, "कुठं चाललीस गो बाय?" "पोरगा नेतोय अष्टविनायकाला." "कवा?" "त्यालाच इचार." गावात अब्रू जायला लागली, तेव्हा केसरीनाथला युक्ती सुचली.

त्याचं तिसरं गोडाऊन रिकामं पडलं होतं. त्यात त्यानं अष्टविनायकच आणून बसवले. आठही, फायबरचे. मागे पडद्यावर देवळाचं चित्र, खाली हिरवा गालिचा, वर एसी. लेण्याद्रीला पायऱ्यांची कटकट कशाला, म्हणून तिथं माल चढवायचा उतार होता तोच ठेवला. हा माणूस अजून निवडणुकीला कसा उभा राहिला नाही, ते देवालाच ठाऊक. माघी गणेश जयंतीला भिवंडीचा बँड वाजला, नारळ फुटला, वडापाव वाटले. लोक चपला घालून मोरगाव ते रांजणगाव करून यायचे आणि म्हणायचे, "झालं पण?"

"बघ आये," केसरीनाथ म्हणाला, "तुला देवाकडं जायची गरजच न्हाय. देवच तुझ्याकडं आला."

रंगूबाईच्या ओठांवर चांगलं खरमरीत उत्तर आलं होतं, पण पोराचा हात तिच्या हातात होता, आणि तो कितीतरी वर्षांनी होता. तिनं मनाची समजूत घातली, देव फायबरचा असेना, पोरगा तर खरा हाय. मोरगावच्या मूर्तीपुढं ती खरोखर गहिवरली. मग सिद्धटेक आलं, आणि फोन वाजला.

"आये, तू हो पुढं. मी आलोच."

हे 'आलोच' तिला लहान मुलाच्या बाराखडीसारखं पाठ होतं. तरी ती सिद्धटेकच्या गालिच्यावर बसून राहिली. लोक थेऊर करून, ओझर करून, प्रसाद खाऊन घरी गेले. एसी बंद झाला. अखेर केसरीनाथ आला तो हसतच. मोठ्या कंपनीनं जागा घेतली होती, पण उद्याच्या उद्या रिकामी हवी होती.

"मंजे?" रंगूबाईनं विचारलं.

"देव हलवावे लागतील. सासवडच्या बाजूचा एक रिसॉर्टवाला घेतोय. तुझं दर्शन झालं ना पण?"

"दोनच झालीत."

"बाकीचे हितनं दिसतायत की. हात जोड."

रंगूबाईनं हात जोडले नाहीत. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच संताप आला. ह्याच्यासाठी आपण पदर पसरला होता.

दुसऱ्या सकाळी वाल्मीकचा टेम्पो गोडाऊनच्या दारात लागला. वाल्मीक कामतघरचा, बौद्ध. गणपतीशी त्याचं देणंघेणं भाड्यापुरतं. पण हमालांवर तोच खेकसत होता, "आराम से भाई, सोंड सांभाळा." आठ गणपती चढले. त्यांच्यामागून नववा आला, केसरीनाथचा माणसाएवढा पुठ्ठ्याचा कटआउट. हात जोडलेले, दात दिसताहेत, छातीवर 'संकल्पना' असं लिहिलेलं. देवांच्या शेजारी हाही लागला पाहिजे, अशी रिसॉर्टवाल्याला केसरीनाथची अटच होती. खुद्द संकल्पना आत कंपनीच्या साहेबांना मापं दाखवत होती.

रंगूबाई टेम्पोत पुढच्या सीटवर चढून बसली.

"मावशी, कुठं?" वाल्मीक म्हणाला.

"मोरगावला. मंग बाकीची सात."

"मी सासवडपर्यंतच आहे."

"त्याच्या फुडं जेजुरी, नि मंग मोरगाव. मना रस्ता पाठ हाय. डिझेल माझं."

"शेठ बोंबलतील."

"त्याला सांजच्याला ठाव पडंल. तवर माझी याद येणार न्हाय त्याला."

वाल्मीकनं तिच्याकडं एकदा नीट बघितलं. "लेण्याद्रीला मी पण वर येणार. तिथली लेणी आमची आहेत."

"ये की. तू तुझी लेणी बघ, मी माझा देव बघते."

मोरगावला तिनं आधी कटआउट उतरवून घेतला. जोडलेले हात काही धरता येईनात, म्हणून कोपराला धरून त्याला रांगेत उभा केला. रांग सरकली की त्यालाही सरकवायची. सिक्युरिटीवाला आला. "आजी, पोस्टर बाहेर ठेवा."

"पोस्टर न्हाय, माझा पोरगा हाय. नवस ह्याच्यासंगं हाय."

लोक हसले, कुणीकुणी मोबाइल काढले. सिक्युरिटीवाल्यानं डोक्याला हात लावला आणि वाट दिली. गाभाऱ्यासमोर मात्र रंगूबाईनं हात जोडले. "देवा, पोराला आणलाय. त्यानं मना तू फायबरचा दाखवलास, मी तुला तो पुठ्ठ्याचा दाखवते. रागावू नको. घरात ह्योच एक मोकला व्हता."

बाहेर येईस्तोवर व्हिडिओ अंजूरच्या ग्रुपवर पोचला होता. वाल्मीकचा फोन वाजला. त्यानं तो रंगूबाईच्या कानाला लावला.

"आये, काय लावलंयस हे? अख्खं गाव हसतंय." मग केसरीनाथचा आवाज पडला. "हे बघ, तिथंच थांब. गाडी काढलीय मी. पुढचे सातही आपण दोघं करू. खरंच आलोच."

रंगूबाईनं शेजारच्या पुठ्ठ्याच्या खांद्यावरची धूळ पदरानं पुसली.

"नको बाला, तू काम कर," ती म्हणाली. "ह्यो बरा हाय. ह्याला फोन येत न्हाय."