सोडलेली ओळ

पुरनलाल बिसेन यांना औषधापेक्षा लक्षण सापडण्याचाच आनंद मोठा. शेती बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं लावून ते होमिओपॅथीच्या नादाला लागले होते, आणि सगळी भिस्त एका जाडजूड हिंदी पुस्तकावर. सालेकशाच्या बंगाली स्टेशनमास्तरांनी बदली होताना ते त्यांना दिलं होतं. त्यातली हिंदी इतकी जुनी, की गोंदियाचा जन्मभर हिंदी बोललेला व्यापारीही ओळीओळीला अडला असता. पुरनलाल अडत नसत. कुणाचं पोट दुखो की डोकं, ते पान उघडत, बोट फिरवत आणि रोग्याचं दुखणं ओळीत सापडलं, की मांडीवर थाप मारून म्हणत, "जुळलं!"

दोन हजार तीन सालच्या दिवाळीनंतर त्यांची पाच वर्षांची नात रिंकी आजारी पडली. घसा दुखतो म्हणाली, अंग जरासं तापलं. एवढ्यानं कोण घाबरतं? तिचा बाप ओमेश्वर गोंदियाच्या राईस मिलवर कामाला, त्याला निरोपही धाडला नाही. आजोबांनी साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या दिल्या, रिंकीनं त्या आवडीनं चोखल्या.

तिसऱ्या दिवशी मात्र पोरीचा आवाज बसला. श्वास वाजायला लागला, तोंडाला कुबट वास येऊ लागला. पुरनलालनी आदल्या दिवशीसारखाच टॉर्च लावून घसा पाहिला आणि पुस्तक उघडून मोठ्यानं वाचलं, "कंठ में धूसर झिल्ली."

"म्हंजे काय, मामाजी?" सून योगेश्वरीनं विचारलं.

"घशात राखेच्या रंगाचा पडदा. हे पाह्य, आहे ना? जुळलं!"

स्वरभंग, म्हणजे आवाज बसणं. जुळलं. श्वास में आरी का शब्द, म्हणजे करवत चालल्यावानी श्वास. तेही जुळलं. पत्रिका पाहणाऱ्या भटजीला छत्तीसच्या छत्तीस गुण सापडावेत तसा त्यांचा चेहरा फुलला होता.

योगेश्वरी मात्र प्रत्येक 'जुळलं'सरशी पोरीकडे पाहत होती. पोर बिघडत चालली होती आणि पुस्तक खरं ठरत चाललं होतं. ज्यानं कुणी हे लिहिलं, तो अशाच एखाद्या लेकराच्या खाटेशी बसून, पाहत पाहत लिहीत गेला असेल. हे मनात आलं आणि तिनं विचारलंच.

"मामाजी, ज्या लेकराले पाहून हे लिवलं, ते जगलं का?"

पुरनलालचं बोट ओळीवरच थांबलं. "असं कोणी इचारते का? दवा लिवली आहे ना पुस्तकात!"

"मंग समोरची ओळ वाचा."

"ग्रीवा स्फीत." त्यांनी घसा साफ केला. "मान सुजते."

दोघांनी एकदमच रिंकीकडे पाहिलं. हनुवटीखाली मान फुगली होती. या वेळी मांडीवर थाप पडली नाही.

"समोर?"

"ओष्ठ नीलाभ. ओठ निळे पडते."

योगेश्वरीनं पोरीच्या ओठांवरून बोट फिरवलं. सुकले होते, निळे नव्हते. पुरनलालनी खालच्या ओळीवर अंगठा ठेवला आणि पान उलटलं.

"मधली ओळ काऊन सोडली?"

"जुनी हिंदी आहे, बाई. नाई समजत."

इतक्या वर्षांत त्या पुस्तकातला शब्द समजला नाही, असं मामाजी कधीच म्हणाले नव्हते. नाही समजला, तरी समजल्यासारखा सांगत.

"दुसरी गोळी देतो, संध्याकाळपावतर गुण येते," म्हणत ते शिशी शोधायला लागले.

"नोका देऊ." सासऱ्यांसमोर कधी मान वर न केलेली ती बाई पोरीला खांद्यावर घेऊन उभी राहिली. "मी हिले गोंदियाले घेऊन जाऊन राहिली. तुमाले याचं असन तर या."

शेजारच्या बिसरामनं जीप काढली. पुरनलाल अनवाणीच मागं चढले. आमगावच्या रेल्वे फाटकात जीप अडकली आणि मालगाडी काही संपता संपेना. योगेश्वरी नुसते ओठ पाहत होती. देवा, आता यातलं काहीच जुळू देऊ नको, एवढंच तिला मागता येत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी घशात पाहिलं, "घटसर्प," म्हणाले आणि नर्सला हाका मारत पोरीला आत नेलं. सुया झाल्या, नाकाला नळी लागली. आज काही सांगता येत नाही, उद्या सांगू, म्हणाले. ओमेश्वर मिलवरून आला, तो रात्रभर औषधं आणायला धावत होता.

उजाडताना नर्सनं दार उघडलं. रिंकी पाणी मागत होती.

योगेश्वरी बाकावरून उठली, पण तिला राहवलं नाही. "मामाजी, काय लिवलं होतं त्या ओळीत?"

पुरनलाल खाली पाहत म्हणाले, "मुमूर्षु अवस्था. म्हंजे मरणाच्या दारातला रोगी. त्याच्या समोर दवाच नाई लिवली."

"मंग तुमाले समजलं होतं."

"परवाच वाचलं होतं, बाई. पडदा दिसला तवाच सारं पान वाचलं." म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "भेव लागला. तोंडानं वाचलं असतं तर खरं झालं असतं."

परवा. म्हणजे दोन दिवस सारं ठाऊक असून ते वरच्याच ओळी पुन्हा पुन्हा वाचत होते, जुळलं जुळलं म्हणत होते. योगेश्वरीला त्यांचा राग यायला हवा होता, पण रागावण्याइतकंही बळ तिच्यात उरलं नव्हतं. ती आत गेली. पोरीच्या ओठांना पेला लावला आणि पाणी संपेपर्यंत ती ओठच पाहत राहिली. सुकले होते, निळे नव्हते.